कुत्र्याचे गाऱ्हाणे

कुत्र्याच्या भुंकण्यावर बोलावयाचे आम्ही ठरविले, तेव्हा आमच्या काही मित्रांनी आम्हांस विचारले, की कामगार चळवळीतला मनुष्य या विषयाकडे कसा वळला? मजुरी, बोनस, खाणीतील सुरक्षितता, कंत्राटी मजुरांचे हाल, हे विषय संपले काय? ते संपलेले नाहीत, हे आम्हांस पुरते ठाऊक आहे. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीकडील कामगारवस्त्यांतून आमच्याकडे ज्या तक्रारी येतात, त्यांत कुत्र्यांच्या भुंकण्याची तक्रार आता बरीच वरच्या बाजूस असते. रात्रपाळी करून आलेल्यास दिवसा झोप नाही, पहिल्या पाळीस जाणाऱ्यास रात्री झोप नाही. आणि झोप न झालेला मनुष्य डंपरच्या चाकामागे बसला किंवा कोळशाच्या पट्ट्यापाशी उभा राहिला म्हणजे काय होते, ते त्या वस्त्यांना शिकवावे लागत नाही. शिवाय त्याच वस्त्यांतून दुसराही एक अर्ज येतो. तो म्हणतो, कुत्री हलवू नका. बिबट्या आला की तीच आम्हांला आधी सांगतात. एका गल्लीतले दोन अर्ज, एकमेकांच्या अगदी उलट, आणि दोन्ही खरे. अशा ठिकाणी संघटनेच्या माणसाने काय करावे? आमची रीत अशी, की आधी गाऱ्हाणे काय आहे ते नीट ऐकून घ्यावे. येथे तिसरा पक्ष कुत्र्यांचा आहे. त्याचे म्हणणे काय, ते प्रथम पाहू.

आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे थोडे कळते ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयांतून वेचलेले आहे. म्हणून प्राणिशास्त्राच्या पंडिताचा आव आम्ही आणणार नाही. पण पंडितांनी जे शोधले ते रानाकडेच्या लोकांच्या अनुभवाशी ताडून पाहण्यास हरकत नसावी.

कुत्रा लांडग्याच्या कुळातला, हे सर्वांस माहीत आहे. पण लांडगा फार थोडा भुंकतो, हे पुष्कळांस माहीत नसते. गुहेपाशी कोणी परके आले तर मोठा लांडगा एक-दोन वेळा आखूड, दबकी भुंक काढतो. पिले थोडी अधिक भुंकतात. कुत्रे मात्र दारावर कोणी आले तरी भुंकते, खेळताना भुंकते, एकटे पडले तरी भुंकते. म्हणजे ज्या सवयीबद्दल आपण त्यास दगड मारतो, ती सवय त्यास मनुष्याच्या सहवासात जडलेली, किंवा निदान त्या सहवासात वाढलेली दिसते. डार्विनने १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हुआन फर्नांडेझ नावाच्या बेटावरील कुत्र्यांची हकीकत दिली आहे. मनुष्यापासून सुटून रानटी झालेली ती कुत्री भुंकणे विसरली होती, आणि त्यांतील काही पुन्हा माणसांत आणली तेव्हा ती हळूहळू भुंकू लागली. आफ्रिकेतील कांगोकडच्या बासेंजी जातीचे कुत्रे आजही आपल्या कुत्र्यांसारखे भुंकत नाही. ते गळ्यातून एक प्रकारचे आलाप काढते. आणि इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या ताडोब्याच्या रानात कोळसून आहे. दिसावयास तांबूस कुत्रा, कळपाने शिकार करतो. परंतु तो भुंकत नाही, शीळ घालतो. दाट रानात पांगलेल्या सोबत्यांना त्या शिळेने एकत्र आणतो. जातीने तो आपल्या कुत्र्याचा जवळचा नातलग नव्हे, आणि मनुष्याच्या दारात तो कधी बसला नाही. दारात बसला त्यास भुंकणे आले.

रडणे ही मात्र जुनी चीज आहे. कुत्रे मान वर करून लांब हेल काढते, त्यास आपण ‘कुत्रे रडते’ म्हणतो. वऱ्हाड-चांद्याकडे ‘इवळते’ म्हणतात. हा लांडग्याचा वारसा होय. पांगलेला कळप एकत्र यावा, दूरच्या सोबत्यास आपला ठिकाणा कळावा, यासाठी लांडगा असा हेल काढतो, आणि तो कित्येक कोस जातो. गावाबाहेर कोल्हेकुई सुरू झाली की गावातली कुत्री तिला साथ देतात ती याच ओढीने. खाणीचा किंवा कारखान्याचा भोंगा झाला म्हणजे वस्तीतली सारी कुत्री तोंडे वर करतात, हे आपण पाहिलेले आहे. भोंग्याचा चढत जाणारा, लांबलेला सूर त्यांच्या हेलाशी जुळतो. कुत्र्याचा कान आपल्याहून तीक्ष्ण; आपल्याला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचे सूर ऐकू येतात, त्यास सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचे. भोंगा कामगारास हाक मारतो तेव्हा कुत्रे ती हाक आपल्यालाच आली असे समजून उत्तर देते, एवढाच त्याचा अर्थ. (भोंग्यास इतक्या तत्परतेने उत्तर देणारे आम्ही दुसरे कोणी पाहिले नाही.)

या रडण्यास आपल्या लोकांनी मृत्यूची सूचना ठरविले आहे. कुत्रे रडले की कोणीतरी जाणार, म्हणून अर्ध्या रात्री उठून त्यास दगड घालणारी सुशिक्षित माणसेही आहेत. ज्या घरात दुखणाईत असतो तेथे रात्रभर दिवा जळतो, माणसे आत-बाहेर करतात, रडण्या-कण्हण्याचा आवाज येतो. अशा वेळी दारचे कुत्रे अस्वस्थ होऊन हेल काढील यात नवल नाही. माणूस गेला तर रडणे लक्षात राहते. बरा झाला तर कोणास आठवत नाही. याहून अधिक त्यात काही नाही.

आता भुंकण्यात अर्थ असतो की नुसता गोंगाट, हा प्रश्न. बुडापेस्टच्या विद्यापीठातील पोंग्राट्स, मिक्लोशी आदी संशोधकांनी २००५ साली यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुडी नावाच्या मेंढपाळी कुत्र्यांचे भुंकणे त्यांनी वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केले: परका दारात आला तेव्हाचे, झाडास एकटे बांधून ठेवले तेव्हाचे, फिरावयास नेण्यापूर्वीचे, खेळतानाचे. मग ते लोकांना ऐकविले आणि प्रसंग ओळखावयास सांगितले. निव्वळ अंदाजाने जितके जुळले असते त्याहून पुष्कळ अधिक लोकांनी ओळखले. आणि नवल असे, की ज्यांनी जन्मात कुत्रे पाळले नव्हते त्यांनाही ते जवळजवळ तितकेच जमले. जाड, खर्जातले, एकामागून एक लागलेले भुंकणे रागाचे. पातळ, उंच, मध्ये थांबत थांबत येणारे भुंकणे एकटेपणाचे किंवा भीतीचे. ही भाषा आपल्याला येते. ऐकावयाची नसते, एवढेच.

‘भुंकणारे कुत्रे चावत नाही’ ही म्हण मात्र विसरून जावी. गुरगुरणे आणि दात दाखवून भुंकणे ही कुत्र्याने दिलेली नोटीस असते. संपापूर्वी नोटीस द्यावी लागते तशीच ही. नोटीस मिळूनही जो पुढे जातो त्यास दात लागतो. आणि लहानपणापासून गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेले कुत्रे नोटीस देणेच सोडते. मग ते न सांगता चावते, आणि मालक म्हणतो, ‘आजवर कधी आवाजसुद्धा केला नव्हता हो!’ आवाज बंद केला म्हणजे तंटा मिटला अशी समजूत करून घेणारे मालक आम्ही इतर ठिकाणीही पाहिले आहेत.

या बाबतीत आपल्या महाभारताइतका जुना आणि स्पष्ट दाखला आम्हांस कोठे मिळाला नाही. आदिपर्वाच्या प्रारंभीच कथा आहे. जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र करीत होता. तेथे सरमा या देवांच्या कुत्रीचे पिलू आले, आणि राजाच्या भावांनी त्यास मारून हाकलले. ते रडत आईकडे गेले. आईने विचारले, कोणी मारले, तू काय अपराध केलास? पिलू म्हणाले, मी काहीच केले नाही; हविर्द्रव्य चाटले नाही, तिकडे पाहिलेही नाही. मग सरमा स्वतः यज्ञमंडपात गेली आणि तिने राजाला सरळ प्रश्न केला, की निरपराध असता याला का मारले? त्या थोर मंडळींनी काही उत्तर दिले नाही. तेव्हा तिने शाप दिला, की तुमच्यावर अवचित भय कोसळेल. आणि तो राजा घाबरून शापाचे निवारण करणारा पुरोहित शोधीत फिरला. लक्षात घ्या, शाप पिलास मारल्याबद्दल लगेच पडला नाही. विचारणा झाली, उत्तर आले नाही, तेव्हा पडला. ज्यांनी कधी मागणीपत्रक घेऊन साहेबाच्या दारात ताटकळत उभे राहिलेले आहे, त्यांस या कथेचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही.

दुसरी कथा त्याच पर्वातली, आणि ती आपल्या रानांच्या अधिक जवळची. पांडव शिकारीस गेले असता त्यांच्यासोबतचे कुत्रे भटकत एकलव्यापाशी पोचले. अंगास मळ लागलेला, मृगाजिन नेसलेला तो काळा निषादपुत्र पाहून ते भुंकू लागले. एकलव्याने सात बाण मारून त्याचे तोंड बंद केले. ते कुत्रे तशाच तोंडाने पांडवांकडे परत गेले. त्या बाणांवरून धनुर्धर कोण याचा शोध सुरू झाला, आणि पुढे अंगठ्यापर्यंत गोष्ट गेली ती सर्वांस ठाऊक आहे. कुत्रे नुसते भुंकत परतले असते तर कोणी मान वर करून पाहिले नसते. आमच्या मते या कथेत भुंकणाराही चाकर आणि बाण मारणाराही वंचित. शिकारीस निघालेले दोघांच्या पलीकडे उभे होते.

आता रानाकडे वळू. ताडोब्यात पर्यटक येतात. गाडी थांबवून वाटाड्या बोट ओठांवर ठेवतो. दूर चितळ ओरडते, झाडावरून वानर खॉक खॉक करते, सांबर खणखणीत हाक देते, भेकर तर कुत्र्यासारखेच भुंकते. ‘कॉल झाला’ म्हणतात, आणि सगळे श्वास रोखून वाघाची वाट पाहतात. त्या हाकेसाठी लोक चांगले पैसे मोजतात. तीच हाक दुर्गापूरच्या चाळीमागे कुत्र्याने रात्री दोन वाजता दिली की तो उपद्रव! हाक तीच, कारण तेच, आणि बहुतेक वेळा प्राणीही त्याच कुळातला असतो.

आम्ही दुर्गापूरचे नाव उगाच घेतले नाही. चंद्रपूर शहराच्या अगदी लगत औष्णिक विद्युत केंद्र, त्याची ऊर्जानगर वसाहत आणि दुर्गापूरची उघडी कोळसाखाण आहे. खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर झुडपे माजली आहेत, आणि ताडोब्याचे रान फार दूर नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत विद्युत केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला, आणि त्याच्या पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने एका किशोरवयीन मुलास उचलून नेले. पाळी संपवून सायकलवर घरी येणाऱ्या माणसाला कोपऱ्यावरची कुत्री कशी भुंकतात हे ऐकणे, हा तेथे करमणुकीचा विषय नाही. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडे मोहफुले वेचणाऱ्या बाया पहाटे निघतात. तेंदूच्या हंगामात तर घरेच्या घरे रानात असतात. गडचिरोली जिल्ह्यात धान पिकले की बांधीवर मचाण घालून जागल करतात, आणि जागलीस माणसासोबत कुत्रे असते. रानडुकरांचा कळप उतरला तर आधी कुत्रे उठते, मग माणूस. त्या भागातील गोंडीत कुत्र्यास ‘नई’ म्हणतात. दूर दक्षिणेतील तमिळ ‘नाय’ याच घराण्यातला शब्द. भाषा पसरत गेल्या तरी हा सोबती शब्दासकट टिकला.

परंतु येथेच गोष्टीची दुसरी बाजू येते, आणि जे कुत्र्यांचे कैवारी आहेत त्यांनी ती टाळू नये. बिबट्या वस्तीत का येतो? पुष्कळदा कुत्र्यासाठीच येतो. अहमदनगर जिल्ह्यातील (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचे भक्ष्य अभ्यासले. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. तेव्हा जे कुत्रे बिबट्याची वर्दी देते, तेच त्यास आमंत्रणही देते. मोकाट कुत्री रानात शिरून चितळांच्या पाठी लागतात, आणि त्यांचे रोग रानातल्या श्वापदांना लागण्याचे भय असते, ते वेगळेच. मग कुत्री नाहीशी करावी काय? कुत्री उकिरड्यावर जगतात. खाणावळीचे उरलेसुरले आणि मटणाच्या दुकानांची घाण चाळीमागे टाकणारे हात माणसांचे असतात. घाण तशीच ठेवून कुत्री उचलली तर दुसऱ्या गल्लीतली तेथे येतात, नव्या हद्दीसाठी भांडतात, आणि पूर्वीपेक्षा अधिक भुंकतात.

भुंकणे हा कुत्र्याचा आत्माविष्कार आहे, त्याला मनसोक्त भुंकू द्यावे, इवळू द्यावे, असे म्हणणारा एक पक्ष शहरांतून हल्ली दिसतो. अर्धे म्हणणे आम्हांस मान्य आहे. कोणी परका आला, दूर भोंगा झाला, मित्र भेटला, तर कुत्र्याने दोन शब्द बोलावे; त्याबद्दल त्यास मारणे हा जुलूम आहे. स्वरतंतू कापून त्यास मुके करण्याची शस्त्रक्रिया काही देशांत होत असे. १९८७ च्या युरोपीय करारात तिला मनाई केलेली आहे. विजेचा झटका देणारे गळपट्टे विकले जातात, ते त्याच मासल्याचे. परंतु बंगल्याच्या फाटकाशी हातभर साखळीने बांधलेले कुत्रे संध्याकाळपासून पहाटेपर्यंत एकाच सुरात, पातळ आवाजात, थांबत थांबत ओरडते, आणि मालक आतून म्हणतो, ‘त्याचा स्वभावच आहे’, तेव्हा त्यास आत्माविष्कार म्हणणे म्हणजे हमालाच्या कण्हण्यास गाणे म्हणणे होय. ते गाऱ्हाणे आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. त्याच्या अकराव्या कलमात अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावरास अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा ठरविला आहे. आणि नेहमी बांधून अगर कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास मालकाने पुरेसे फिरविले नाही, तर तोही गुन्हा आहे. हे पोटकलम फारसे कोणी वाचलेले नसते. आमच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी अनेक तक्रारींत भुंकणारे कुत्रे मोकाट नव्हते, कोणाचे तरी पाळलेले होते, हे चौकशीअंती निघाले. एका वसाहतीत (तिचे नाव सांगण्याचे कारण नाही) अशा एका कुत्र्याची साखळी काढून त्यास कुंपणाच्या आत मोकळे सोडले, सकाळ-संध्याकाळ फिरवू लागले, आणि आठवड्याभरात शेजारच्या रात्रपाळीवाल्यास झोप लागू लागली. अर्ज मागे घेतला गेला.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न याहून अवघड. आश्विन-कार्तिकात त्यांचा माजाचा काळ येतो, तेव्हा रात्रीची भांडणे आणि भुंकणे शिगेस पोचते. नसबंदीने ते कमी होते. २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे कुत्र्यांची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून, त्यांना होते त्या जागी परत सोडावयाचे असते. हे काम नगरपालिका-महानगरपालिकांचे. २०२५ च्या ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील कुत्री उचलून कोंडवाड्यांत ठेवण्याचा हुकूम दिला, तेव्हा देशभर वाद पेटला. २२ ऑगस्टला तो हुकूम बदलून, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी व लसीनंतर परत सोडावी, असे ठरले. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. त्या नियमांची रात्र सहाला संपते. आमच्या रात्रपाळीवाल्याची रात्र त्यानंतर सुरू होते, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानी आले नसावे. तेव्हा त्याच्या झोपेची व्यवस्था कायद्यातून होणार नाही. वसाहतीने ती आपसांत करावी. उकिरडा चाळीपासून दूर आणि झाकलेला असावा. नसबंदीची यादी गल्लीवार करून पालिकेकडे नेऊन द्यावी आणि पोच घ्यावी. पाळलेले कुत्रे रात्री साखळीने उघड्यावर न बांधता पडवीत किंवा गोठ्यात, दार लावून, मोकळे ठेवावे. तेथून ते भुंकेल, आणि बिबट्याच्या तोंडी जाणार नाही.

आवाजावरून ओळखावयाची आणखी एक गोष्ट आहे. रेबीज झालेल्या कुत्र्याचा घसा लुळा पडतो. भुंकणे घोगरे, फाटलेले होते किंवा बंद पडते, लाळ गळते. ओळखीच्या कुत्र्याचा आवाज असा बदललेला वाटला तर घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. चावा किंवा ओरखडा लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस घ्यावी. हळद-चुना भरू नये.

आणि रानाकडेच्या जुन्या माणसांचा एक सांगावा. कुत्री भुंकत आहेत तोवर काहीतरी दूर आहे. जी इतका वेळ भुंकत होती ती एकदम गप्प झाली, शेपूट पायांत घालून खाटेखाली शिरली, तर दार उघडून काय आहे ते पाहावयास जाऊ नये. पोरांना आत घ्यावे, अंगणातला दिवा लावावा, आणि १९२६ या क्रमांकावर वनखात्यास फोन करावा.